रंगीत कातडीचे विज्ञान

देशातील विज्ञानाच्या बातम्या नियमाने वाचणाऱ्यांना एक चित्र एव्हाना पाठ झाले असेल. विषय पुलाचा असो, अग्निबाणाच्या टाकीचा असो, कृत्रिम गुडघ्याचा असो की एखाद्या प्राचीन गोपुराचा; बातमीच्या माथ्यावर निळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगवलेली एक आकृती असते. निळे ते निर्धास्त, तांबडे ते धोक्याचे. खाली संगणकीय विश्लेषणातून अमुक एक सिद्ध झाल्याची ग्वाही असते. वाचक रंग पाहतो, मान डोलावतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

माझे भांडण या चित्राशी आहे. त्यात जे दिसते ती वस्तू नव्हे, ती वस्तूची कातडी आहे. गणित झालेले असते आतल्या लाखो ठोकळ्यांत, आणि आपल्याला दाखवले जातात ते फक्त सर्वांत बाहेरचे पापुद्रे. त्यांपैकी बाहेरचे कोणते आणि आतले कोणते हे एका छोट्याशा आज्ञावलीने ठरवलेले असते. तिच्याबद्दल परीक्षक विचारत नाही, पत्रकार विचारत नाही आणि दुर्दैवाने विद्यार्थीही विचारत नाही. भरीव घटकांच्या जाळीवरून पृष्ठजाळी सोलून काढणे हा शास्त्रीय निर्णय आहे, कळ दाबण्याचा उपचार नव्हे, असे माझे म्हणणे आहे. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला हे काम एकदाही स्वतःच्या हाताने करावे लागत नाही, त्या अभ्यासक्रमाने आपण फायनाइट एलिमेंट पद्धत शिकवतो असे म्हणू नये.

भांडणाआधी नेमके काय घडते ते सांगतो. फायनाइट एलिमेंट पद्धतीचे मूळ रिचर्ड कोरांट यांच्या १९४३ च्या निबंधापर्यंत नेता येते. तिला हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. वस्तू लहान लहान घटकांत तोडायची, प्रत्येक घटकापुरते समीकरण सोपे करून घ्यायचे आणि मग सगळे एकत्र जुळवून सोडवायचे, ही मूळ कल्पना. भरीव वस्तूसाठी हे घटक बहुधा विटेसारखे सहा बाजूंचे असतात, नाही तर चार त्रिकोणी बाजूंचे चतुष्फलक. संगणकाच्या लेखी एक वीट म्हणजे आठ क्रमांकांची एक ओळ, आठ कोपऱ्यांवरचे आठ नोड. ही वीट भिंतीच्या पोटात आहे की दर्शनी बाजूला, हे त्या ओळीत कुठेही लिहिलेले नसते.

ते शोधण्याची रीत शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. प्रत्येक विटेच्या सहाही बाजू लिहून काढाव्यात. प्रत्येक बाजूचे चार नोड-क्रमांक चढत्या क्रमाने लावावेत आणि मग यादीत कोणती बाजू किती वेळा आली ते मोजावे. दोनदा आलेली बाजू दोन विटांच्या मधली, म्हणजे आतली; एकदाच आलेली बाहेरची. मात्र चढता क्रम हा केवळ जुळवणीपुरता. मूळ क्रम जपून ठेवावा लागतो, कारण उजव्या हाताच्या नियमाने त्याच क्रमावरून त्या बाजूचा अभिलंब बाहेर पाहतो की आत, हे ठरते.

दोन बाय दोन बाय दोन असा आठ विटांचा घन घ्या. यादीत ४८ बाजू येतील. त्यांपैकी आतल्या बाजू १२, प्रत्येकी दोनदा. उरल्या २४, म्हणजे सहा अंगांवर प्रत्येकी चार. एकूण नोड २७, त्यांतला मधला एक सोडून २६ पृष्ठावर. पृष्ठावरच्या कडा ४८. आता २६ मधून ४८ वजा करून त्यात २४ मिळवा. उत्तर २ येते. बंद, भोके नसलेल्या कोणत्याही पृष्ठाला ते २ च यावे लागते, हे ऑयलरचे सूत्र. संगणक नसतानाही कागदावर पडताळता येईल असे हे गणित आहे. आज्ञावली लिहिली तर जेमतेम चाळीस ओळी होतील.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घेताना मी बरीच वर्षे एकच प्रश्न विचारत आलो आहे: तुमच्या चित्रातील पृष्ठ कुठून आले? जवळजवळ नेहमी उत्तर येते, ‘सर, सॉफ्टवेअरने काढले.’ मुलांना मी दोष देत नाही. एका कार्यशाळेत मी स्वतः मागच्या बाकावर बसून ऐकले आहे की ही कळ दाबली की कातडी मिळते आणि मग रंगपट्टी निवडायची. त्यानंतरचा पाऊण तास रंगपट्टीवर गेला.

आता तिरुवैयारुविषयी. कावेरीच्या काठावरचे हे गाव तंजावरच्या उत्तरेला, बसने अर्ध्या तासावर. नावाचा अर्थच पाच पवित्र नद्या. त्यागराजांची समाधी येथे आहे. १८४७ मध्ये पौष वद्य पंचमीला त्यांनी देह ठेवला, आणि त्या तिथीला दर वर्षी शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. तंजावर मराठी माणसाला परके नाही. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आजही वाचता येतो. मी आराधनेच्या निमित्ताने तिरुवैयारुला जात असतो. तेथेच एका वर्षी माझ्या गळ्यात वीणेचे गणित पडले, आणि त्याच गणिताने पृष्ठजाळीचा धडा मला शिकवला.

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. उत्तम प्रतीच्या वीणेत कुडम म्हणजे मोठा भोपळ्याच्या आकाराचा भाग आणि दांडी एकाच ओंडक्यातून कोरून काढतात. आतून पोखरलेल्या कुडमवर लाकडाची फळी बसवतात आणि त्या फळीत बारीक छिद्रांची दोन वर्तुळे असतात. या वाद्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्यांत पहिले नाव चंद्रशेखर वेंकट रामन यांचे. १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या लहानशा टिपणात वीणेच्या रुंद, वक्र घोडीकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर नियमाने उमटू नये, तिथे छेडूनही वीणेत तो उमटतो, आणि हे त्या घोडीमुळे घडते, असे त्यांनी दाखवले. हाताशी संगणक नव्हता, रंगीत चित्र तर नव्हतेच.

रामन यांनी तार आणि घोडी पाहिली. मला उत्सुकता होती पुढच्या टप्प्याची: घोडीतून फळीत आणि फळीतून कुडमात गेलेले कंपन हवेत कसे उतरते? नात्यातल्या एका घरी वाजवण्याजोगी न राहिलेली जुनी वीणा होती. तिची मापे घेतली, भरीव घटकांची जाळी केली, लाकडाला तीन दिशांचे वेगवेगळे गुणधर्म दिले आणि कंपने काढली. पुढच्या पायरीला पृष्ठजाळी लागते, आणि ती का लागते हे तिरुवैयारुतच नीट उमगते.

तेथील ऐयारप्पर मंदिराच्या प्राकारात एका जागी उभे राहून हाक मारली तर ती सात वेळा घुमून परत येते असे सांगतात, आणि मुले दिवसभर तो खेळ करत असतात. या प्रतिध्वनीचे गणित करायचे तर दगडाच्या आत शिरण्याची गरज नाही. भिंत किती दूर, कोणत्या कोनात, किती कठीण, एवढे पुरे. सारे काही पृष्ठावर घडते. वीणेचे तसे नाही. तिचे कंपन ठरते लाकडाच्या जाडीत, तंतूंच्या दिशेत, सांध्यांत, म्हणजे पोटात. पण त्या कंपनाचा बाहेर ऐकू येणारा आवाज मात्र पुन्हा पृष्ठच ठरवते. किर्खहोफ आणि हेल्महोल्ट्झ यांच्या सूत्राप्रमाणे बंद पृष्ठावरचा हवेचा दाब आणि पृष्ठाला लंब असलेला वेग कळला की बाहेरच्या कोणत्याही बिंदूवरचा ध्वनी काढता येतो. बाउंडरी एलिमेंट पद्धत याच पायावर उभी आहे. म्हणून आधी घन जाळी, मग तिच्यावरून पृष्ठजाळी, मग ध्वनी. मधला दुवा चुकला तर दोन्हीकडची मेहनत मातीमोल होते.

माझा दुवा चुकला. कुडमची जाळी मी वेगळी केली होती, फळीची वेगळी. सांध्यावर दोन्हीकडचे नोड एकाच जागी होते, पण क्रमांक वेगळे. ते एकत्र विलीन करायचे राहिले. वरच्या यादीच्या रीतीने पाहा: सांध्यावरची कुडमची बाजू आणि तिलाच चिकटलेली फळीची बाजू यांचे क्रमांक जुळत नाहीत, म्हणून दोन्ही ‘एकदाच आलेल्या’ ठरतात, म्हणजे बाहेरच्या. संगणकाच्या मते फळी कुडमावर बसलेलीच नव्हती. ती शून्य अंतरावर तरंगत होती. आणि चित्र? चित्र देखणे होते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात तसूभर फरक दिसला नसता.

आठ विटांच्या घनाकडे परत जा. तो मधोमध कापून दोन अर्धे नोड न जोडता एकमेकांना टेकवा. पृष्ठावरच्या बाजू २४ ऐवजी ३२ होतात आणि ऑयलरचे उत्तर २ ऐवजी ४ येते. पडद्यावर मात्र तोच घन, तेच रंग. डोळ्याला न दिसणारी चूक साधी मोजणी पकडते. मी मोजणी केली नव्हती. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की मुक्त सोडलेल्या एका अखंड वस्तूला शून्य वारंवारितेचे सहा प्रकार यावेत, तिथे माझ्या यादीत बारा आले होते आणि मी त्या ओळी न वाचताच खाली सरकलो होतो. चूक लक्षात यायला तीन आठवडे लागले. ते चित्र मी तोवर दोघांना कौतुकाने दाखवूनही झालो होतो.

यापुढची अडचण नोड जोडूनही सुटत नाही. समजा कुडमची भिंत सहा मिलिमीटर जाड आहे. वाकण्याचे गणित नीट व्हावे म्हणून जाडीत तीन विटा घेतल्या तर एक वीट दोन मिलिमीटरची. तिच्यावरून सोललेली पृष्ठजाळीही तितकीच बारीक, सहज ५०,००० नोडची. पण हवेत १००० हर्ट्झ वारंवारितेच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर. एका तरंगलांबीत सहा घटक असावेत हा रूढ दंडक धरला तर साडेपाच सेंटिमीटरचा घटकही चालतो. बाउंडरी एलिमेंटच्या सारणीत शून्ये नसतात, प्रत्येक नोडचा प्रत्येक नोडशी संबंध लागतो. ५०,००० नोडसाठी ती साठवायलाच ४० गिगाबाइट स्मृती हवी. २,००० नोडसाठी ६४ मेगाबाइट पुरते. तेव्हा सोललेली कातडी विरळ करणे भाग पडते.

येथे खरी कसोटी लागते, कारण विरळ करणारी आज्ञावली लहान छिद्रे बुजवून टाकते. काही मिलिमीटरची छिद्रे तिच्या दृष्टीने खरखर असते, गुळगुळीत करण्याजोगी. वीणेच्या फळीवरची ती दोन वर्तुळे अशी एका झटक्यात नाहीशी होतात. मग कुडमच्या पोटातली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते आणि पोकळीचा स्वतःचा अनुनाद गणितातून उडून जातो. चित्र पुन्हा देखणेच. उलट अधिकच देखणे, छिद्रांचा उपद्रव नसल्यामुळे.

हेही मोजणीने पकडता येते. पोकळ वस्तूला एकही छिद्र नसेल तर तिला दोन सुटी पृष्ठे असतात, बाहेरचे आणि आतले, आणि ऑयलरचे उत्तर ४ येते. एक छिद्र पाडले की दोन्ही पृष्ठे जोडली जातात आणि उत्तर २ होते. दुसरे पाडले की ०. थोडक्यात, छिद्रे जितकी असतील त्यांची दुप्पट ४ मधून वजा. ज्यांना पटत नसेल त्यांनी तीन बाय तीन बाय तीन असा २७ विटांचा घन घ्यावा आणि मधली वीट काढावी. पृष्ठावरच्या बाजू ६०, कडा १२०, नोड ६४, उत्तर ४. आता एका अंगाच्या मध्यावरची वीट काढली की बाजू ६२, कडा १२४, नोड तेच ६४, उत्तर २. समोरच्या अंगाचीही काढली की ६४, १२८, ६४, उत्तर ०. विरळ करण्याआधी आणि नंतर हा एक अंक तपासला असता तर छिद्रे बुजल्याचे क्षणात कळले असते.

अभिलंबांची गोष्ट तर याहून सूक्ष्म. आठ-दहा बाजूंचे अभिलंब उलटे राहिले तर तिथे पृष्ठ बाहेर ढकलत असताना गणित समजते की ते आत ओढत आहे. जिथे बेरीज व्हावी तिथे वजाबाकी होते. पडद्यावर? काही नाही. दोन्ही बाजू एकाच रंगात रंगवण्याची सोय सर्वत्र असते आणि बहुतेक ठिकाणी ती आधीपासूनच चालू असते.

इथवर मी ध्वनीचे उदाहरण घेतले, कारण माझ्या चुकीने कोणाच्या डोक्यावर छत कोसळणार नव्हते. बातम्यांतली चित्रे मात्र बहुधा प्रतिबलाची असतात, आणि तिथे कातडी दुसऱ्या प्रकारे फसवते. आठ नोडच्या नेहमीच्या विटेत प्रतिबल मोजले जाते ते आतल्या आठ गाऊस बिंदूंवर. त्यांतला पृष्ठाच्या सर्वांत जवळचा बिंदूही विटेच्या जाडीच्या सुमारे २१ टक्के आत असतो. म्हणजे पृष्ठावर रंगवलेला आकडा तिथे मोजलेलाच नसतो. आतून बाहेर ताणून नेलेला अंदाज असतो. वाकणाऱ्या वस्तूत तर सर्वाधिक प्रतिबल नेमके पृष्ठावरच असते आणि तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून थकव्याचे गणित करणारे जाणकार घन घटकांच्या अंगावर, त्यांचेच नोड वापरून, नाममात्र जाडीच्या पटलघटकांचा थर चढवतात आणि पृष्ठावरची विकृती थेट वाचतात. ती पृष्ठजाळी कामाची असते, शोभेची नव्हे.

आणि ताणून नेलेले अंदाज शेजारच्या विटांत जुळत नाहीत, म्हणून चित्र काढण्यापूर्वी त्यांची सरासरी केली जाते. रंग एकमेकांत अलगद विरघळतात ते या सरासरीमुळे. पण शेजारच्या दोन विटांच्या उत्तरांतली तफावत हाच तर जाळी अपुरी असल्याचा पुरावा! झिएन्कीविच आणि झू यांनी १९८७ मध्ये मांडलेली त्रुटी मोजण्याची प्रसिद्ध रीत सरासरी केलेले प्रतिबल आणि मूळ प्रतिबल यांच्यातल्या फरकावरच उभी आहे. बातमीतले चित्र फक्त सरासरी दाखवते. ज्यावरून चूक कळली असती तेवढेच नेमके पुसून टाकून आपण त्याला विश्लेषण म्हणतो. हे मी रागाने लिहीत आहे, आणि राग योग्य आहे असे मला वाटते.

जाळीवर आंधळा विश्वास टाकल्याची किंमत नॉर्वेने चुकवली आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लेइप्नर-ए या तेलफलाटाचा प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणीसाठी खाडीत बुडवला जात असताना त्याची एक भिंत फुटली आणि सारा पाया तळाला जाऊन चक्काचूर झाला. सुदैवाने माणसे वाचली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे. तीन कोष जिथे मिळतात त्या कोपऱ्यातली जाळी विरळ आणि तिरकस होती, आणि भिंतीतले शिअर प्रतिबल प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्के कमी काढले गेले होते. वापरलेली आज्ञावली नामांकित होती. तिने दिलेल्या जाळीवर सांगितलेले गणित बिनचूक केले होते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की गिरणी असताना जात्यावर दळायचे कशाला? जीमेश, पॅराव्ह्यू यांसारख्या मुक्त आज्ञावल्या क्षणार्धात पृष्ठ काढून देतात. विद्यार्थ्याचा वेळ का घालवावा? मीही रोज गिरणीचेच पीठ खातो. पण पिठात खडा आला तर तो कुठून आला हे सांगता येण्याइतके दळणाचे ज्ञान घरात असावे. पॅराव्ह्यू आपल्याला पृष्ठ दाखवते ते आपण दिलेल्या नोड-क्रमांकांवरून. क्रमांक जोडलेले नसतील तर ती आज्ञावली दोषी नाही, आपण आहोत. आणि ज्याने ती चाळीस ओळींची यादी एकदा स्वतः लिहिली आहे त्यालाच हे पटकन सुचते. मला सुचायला तीन आठवडे लागले, कारण तोवर मीही ती कधी लिहिलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सामान्य वाचकाला एवढे बारकावे कशाला? त्याला चित्र आवडते, चित्रामुळे तो विज्ञानाकडे वळतो. हे मला अर्धे मान्य आहे. हवामानाचा नकाशाही रंगीतच असतो. पण त्या नकाशाखाली वेळ असते, प्रमाण असते, आणि उद्या पाऊस पडला नाही तर नकाशा चुकला हे वाचकाला स्वतः कळते. पुलाच्या रंगीत चित्राला अशी रोजची पडताळणी नाही. म्हणूनच तिथे जबाबदारी चित्र देणाऱ्याची अधिक ठरते. उद्या कोणी रंगीत वीणा दाखवून म्हणाले की तंतुकाचेचे कुडम फणसाच्या तोडीस तोड असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले, तर तंजावरच्या कारागिराने त्याला काय उत्तर द्यावे? त्याच्या हाताने ठोकून, कानाने ऐकून जे ठरते ते छापता येत नाही; त्या चित्रातली छिद्रे बुजलेली होती हे त्याला कोणी सांगणार नाही.

राहता राहिला राष्ट्रीय अभिमान. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे परम रुद्र मालिकेचे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. मला त्याचा आनंदच आहे. पण त्या दिवशीच्या बातम्यांत यंत्राच्या वेगाची जेवढी चर्चा होती तिच्या शतांशानेही त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्यांची नव्हती. आपल्याकडे परंपरा नाही असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने ‘फीस्ट’ ही संरचनांच्या विश्लेषणाची आज्ञावली स्वतः घडवली. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत गंगन प्रताप यांनी घटक अकारण ताठर का होतात या प्रश्नावर मूलगामी काम केले. मद्रासच्या आयआयटीतील सी. एस. कृष्णमूर्ती यांच्या पाठ्यपुस्तकाच्या नावातच ‘थिअरी’च्या जोडीला ‘प्रोग्रॅमिंग’ होते. पुस्तके ग्रंथालयात आहेत. नावातला दुसरा शब्द वर्गातून गेला.

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी युरोपातून ग्रंथ आणि उपकरणे मागवली हे सर्वांना ठाऊक आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते हे की त्यांनी ती कपाटात ठेवली नाहीत. त्यांच्या मुद्रणालयात इसापनीतीचे मराठी भाषांतर १८०६ मध्ये छापले गेले, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यरचनेत त्यांनी जगाचा भूगोल भविष्य सांगणाऱ्या कुरवंजीच्या तोंडी घातला. परकी विद्या आपल्या जिभेवर फिरवून पाहिल्याशिवाय ती आपली होत नाही, एवढे त्या राजाला कळत होते. आपण मात्र कळ कुठे आहे ते शिकतो.

मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही. सार्वजनिक निधीतून झालेल्या विश्लेषणाचे चित्र प्रसिद्ध करताना घटकांचा प्रकार, त्यांची संख्या, पृष्ठ कसे काढले आणि प्रतिबल सरासरी केलेले आहे की मूळ, एवढे चार शब्दांत चित्राखाली छापावे. सरासरी न केलेले चित्रही सोबत द्यावे, कुरूप असले तरी. शक्य तिथे जाळीची फाइल उघड करावी. विज्ञानवार्ता लिहिणाऱ्यांनी निवेदनातले चित्र उचलण्यापूर्वी एवढे तरी विचारावे की जाळी बारीक केल्यावर उत्तर किती बदलले. आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात, कोणतीही विकत घेतलेली आज्ञावली उघडण्यापूर्वी, प्रत्येक विद्यार्थ्याने ती यादी स्वतः लिहावी. आठ विटांचा घन, २४ बाजू. मग चतुष्फलकांचा. मग दोन्हींची सरमिसळ, जिथे चौकोनी बाजूला दोन त्रिकोण येऊन भिडतात, क्रमांक कधीच जुळत नाहीत आणि यादी निरागसपणे सांगते की वस्तूच्या ऐन पोटात पृष्ठ आहे.

माझ्या वीणेचे काम अजून चालू आहे. नोड जोडले, शून्ये सहा झाली, विरळ जाळीत छिद्रे शिल्लक राहतील अशी तजवीज केली. दोन्ही वर्तुळांतली छिद्रे बोटाने मोजली, त्यांची दुप्पट ४ मधून वजा केली, आणि संगणकाचे उत्तर त्याच्याशी जुळत नव्हते. एक छिद्र कमी भरत होते. वीणा पुन्हा उजेडात धरली तेव्हा दिसले की एका छिद्रात जुने मेण घट्ट बसलेले आहे. मी ते मोजले होते, पण मापे घेताना सळई आत गेली नसल्याने जाळीत ते आलेच नव्हते. या खेपेला संगणक बरोबर होता.